खंड्याला शिकवले कोणी?

#थ्रेड : साखरखेर्ड्याचे रण, शाहूंचा कुत्रा आणि शिकवण्याचा विसरलेला इतिहास

मंडळी, बुलढाणा जिल्ह्यातले साखरखेर्डा इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एकाच तारखेपुरते येते : ११ ऑक्टोबर १७२४. त्या दिवशी या गावाच्या शिवारात निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची निर्णायक गाठ पडली. मुबारिजखान मारला गेला, निजामाने गावाला विजयाचे नवे नाव दिले आणि हैदराबादच्या पुढच्या सव्वादोनशे वर्षांच्या सत्तेचा पाया इथल्या काळ्या मातीत रचला गेला. थोरले बाजीराव या प्रसंगी निजामाच्या बाजूने होते. पुढे चारच वर्षांत त्यांनी त्याच निजामाला पालखेडला कोंडीत धरले. पण तो वेगळा थ्रेड.

लढाईची वर्णने वाचताना एक गोष्ट लक्षात येते. घोडे किती, हत्ती किती, तोफा किती, हे मोजलेले असते. बैल आणि उंटही कुठेतरी येतात. कुत्रा मात्र मोजला जात नाही. तो तळावर असतो, शिकारीला असतो, राखणीला असतो, पण हिशेबात नसतो. आजचा थ्रेड या न मोजलेल्या जनावराबद्दल आहे. त्याच्या शौर्याबद्दल नव्हे, त्याच्या शिक्षणाबद्दल. आणि त्याहून नेमके सांगायचे तर, मोठ्या आपत्तीनंतर माणसांनी कुत्र्याला एकेका पावलाने कसे शिकवले, किंवा पुन्हा शिकवले, त्याबद्दल.

सुरुवात घरापासून करू. साखरखेर्डा सिंदखेडराजा तालुक्यात येते, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या मुलखात. लढाई झाली तेव्हा साताऱ्याच्या गादीवर जिजाऊंचे पणतू, छत्रपती शाहू होते. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा त्यांचे वय सात वर्षांचे. आई येसूबाईंसह ते औरंगजेबाच्या छावणीत गेले आणि सुटले १७०७ मध्ये. सुमारे अठरा वर्षांची ही कैद. याच काळात सिंदखेडच्या जाधव घराण्यातली मुलगी त्यांना दिली गेली. तेव्हा या भागाचे ते नुसते पणतू नव्हेत, जावईही.

याच शाहूंचा एक कुत्रा मराठी मुलखात प्रसिद्ध आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, संगम माहुलीला, त्याची समाधी आहे. लोकपरंपरेत त्याचे नाव खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी हकीकत सांगतात. साताऱ्यात राहिलेला ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली आहे. राजाने या कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला आणि पालखीचा सरंजामही खरोखर ठेवला, असे तो लिहितो. ग्रँट डफच्या लेखी हा राजाचा विक्षिप्तपणा होता. मला तसे वाटत नाही. ज्याने जीव वाचवला त्याला वतन द्यायचे, ही त्या काळची सरळ रीत होती. महाराजांनी ती चार पायांच्या चाकरालाही लावली, इतकेच.

(रायगडावरच्या वाघ्याच्या वादात मी इथे शिरणार नाही. प्रतिसादांत तो कोणी काढणार, याची खात्री आहे.)

अठरा वर्षे कैदेत वाढलेल्या मुलाला मुक्या जनावराचा लळा लागला, अशी कादंबरी यातून सहज रचता येईल. इतिहासाला तेवढी घाई नसावी. शाहूंना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मनापासून शौक होता, एवढे म्हणणे पुरेसे आहे. प्रश्न वेगळाच आहे. वाघासमोर उभा राहणारा कुत्रा जन्मतः तसा नसतो. वाघाचा नुसता वास आला तरी गावचा कुत्रा शेपूट पायांत घालून घरात शिरतो. खंड्याला कोणीतरी पिल्लूपणापासून हाताळले असेल, गर्दीची आणि हाकाऱ्यांच्या आरोळ्यांची सवय लावली असेल, हाकेला परत यायला शिकवले असेल. समाधी कुत्र्याची झाली, कीर्ती राजाची झाली. शिकवणारा कुठेच नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. धाडस एका क्षणात घडते, ते पाहणारे असतात, म्हणून ते लिहिले जाते. शिकवणे महिनोन्‌महिने चालते, ते कंटाळवाणे असते आणि ते पाहायला कोणी थांबत नाही. पण विसाव्या शतकात काही वेळा असे झाले की आपत्ती एवढी मोठी होती आणि गरज एवढी निकडीची होती, की लोकांना हे कंटाळवाणे काम नीट पाहून मांडून ठेवावे लागले. त्यातल्या तीन वेळा आज पाहू : एक जर्मनीतली, एक रशियातली आणि एक आपल्या मुंबईची.

आधी थोडी पूर्वपीठिका. मराठीत कुत्र्याशी बोलायचे तीन शब्द पुरातन आहेत : ‘यू यू’, ‘छू’ आणि ‘हाड’. बोलावणे, अंगावर सोडणे, हाकलणे. आपले सारे श्वानशास्त्र या तीन शब्दांत बसते, असे गमतीने म्हणता येईल. युरोपात गोष्ट फार वेगळी नव्हती. १९१० मध्ये कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने कुत्र्याच्या प्रशिक्षणावर पद्धतशीर पुस्तक लिहिले. कुत्र्याला आपली भाषा आणि आपली नीती कळत नाही, त्याला फक्त कोणत्या कृतीपाठोपाठ काय घडले एवढेच कळते, हा त्याचा सिद्धान्त आजही टिकून आहे. पद्धत मात्र कठोर होती. काटेरी पट्टा आणि छडी तिच्यात सर्रास होती. मोस्टचे स्थान मोठे आहे, पण त्याला करुणेचा पुतळा करण्याचे कारण नाही.

आता १९१६. पहिल्या महायुद्धाचे तिसरे वर्ष. विषारी वायू आणि तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या यांनी दृष्टी गेलेले तरुण जर्मन रुग्णालयांत दाखल होत होते. विशीतला मुलगा, शरीर धडधाकट आणि डोळे गेलेले. त्याला घराबाहेर पडण्यासाठी आयुष्यभर कोणाचा तरी हात धरावा लागणार. डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांच्याबद्दल एक हकीकत सांगतात : एका अंध रुग्णासोबत फिरत असताना त्यांना काही कामासाठी जावे लागले, म्हणून त्यांनी आपला कुत्रा त्याच्यापाशी ठेवला. परत आल्यावर त्यांना दिसले, की कुत्रा आपण होऊन त्या माणसाची काळजी घेत आहे. हकीकत कितीही गोड असली, तरी कुत्र्याच्या चांगुलपणावर पद्धत उभी राहत नाही. ऑगस्ट १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणारी शाळा सुरू झाली, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला. शिकवायचे काय, आणि कोणत्या क्रमाने?

इथे एक गंमत आहे. कुत्र्याला अडथळा कळतोच, पण तो त्याच्या स्वतःच्या मापाचा. लोंबणाऱ्या फांदीखालून तो सहज जातो, मागून येणाऱ्या माणसाच्या कपाळाला मात्र ती लागते. दोन खांबांमधल्या फटीतून तो निघून जातो, माणूस अडकतो. तेव्हा त्याला ‘माझ्यासोबत एक उंच आणि रुंद देह चालतो आहे’ ही गोष्ट शिकवावी लागते, आणि ती सांगून कळत नाही. १९३० च्या सुमारास जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन युक्सक्युल आणि त्यांचे सहकारी इमान्युएल सारिस यांनी यासाठी एक चाकांचा गाडा वापरला. उंची-रुंदी माणसाएवढी. तो कुत्र्याला जोडायचा आणि चालू द्यायचे. फांदीला गाडा अडला की कुत्र्याला हिसका बसे. ओरडणारे कोणी नाही, मारणारे कोणी नाही. गाडा अडतो, एवढेच. हळूहळू कुत्रा त्या अदृश्य उंचीचा हिशेब धरून चालायला लागतो. त्याचे जग माणसाएवढे मोठे होते.

आणि हे शिक्षण एकट्या कुत्र्याचे नसे. दृष्टी गेलेल्या सैनिकालाही पहिल्यापासून शिकावे लागे. हार्नेसचा दांडा कसा धरायचा, तो किंचित डावीकडे झुकला तर काय समजायचे, फुटपाथच्या कडेला कुत्रा थांबला की पायाने कड कशी चाचपायची. सर्वांत अवघड धडा विश्वासाचा. समोरून गाडी येत असेल तर ‘चल’ म्हटल्यावरही कुत्र्याने हलायचे नाही, हे त्याला शिकवलेले असते. हुकूम मोडणारा चाकर पाळायचा, ही कल्पना शिस्तीत वाढलेल्या जर्मन शिपायाला पचायला वेळ लागला असेल.

ही पद्धत जगभर पोहोचवण्याचे श्रेय डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंकडे जाते. स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे श्वान प्रशिक्षण केंद्र होते. जर्मनीतले काम पाहून त्यांनी ५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. तो नॅशव्हिल शहरातल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला. तो स्वित्झर्लंडला गेला, १९२८ मध्ये ‘बडी’ या कुत्रीला घेऊन परतला, आणि २९ जानेवारी १९२९ रोजी ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. ती आजही चालते.

आता दुसरी वेळ. मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते हिच्याविषयी.

साखरखेर्ड्याच्या लढाईला २०० वर्षे पूर्ण व्हायला अठरा दिवस उरले होते. २३ सप्टेंबर १९२४. रशियातल्या लेनिनग्राड शहरात नेवा नदीचे पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा पावणेचार मीटरहून अधिक वर चढले. या शहराने तोवर काय सोसले नव्हते? महायुद्ध, क्रांती, यादवी, दुष्काळ. यादवीच्या वर्षांत इथे माणसे उपाशी होती, तेव्हा इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री उपासमारीने मरत होती. नोबेल मिळवलेला हा वैज्ञानिक देश सोडून जाईल, या धास्तीने २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिनने खास हुकूम काढून त्यांच्या संशोधनाची आणि शिध्याची सोय लावली. प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली, नवी कुत्री आली, काम रुळले. आणि तीन वर्षांनी हा पूर आला. पावलॉव्हना ७५ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते.

घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा पावलॉव्हचा प्रयोग अकरावीच्या मानसशास्त्रात सगळ्यांनी वाचलेला असतो. शास्त्रीय नाव अभिसंधान. खरे तर ते समजायला रशियाला जायची गरज नाही. गावातल्या कुठल्याही गल्लीत जमिनीकडे नुसते वाका. हातात दगड नसला तरी समोरचा कुत्रा पळेल. वाकणे आणि दगड यांची गाठ त्याच्या डोक्यात कधीचीच पक्की बसलेली असते. पावलॉव्हने अशाच गाठी मोजून-मापून बांधल्या आणि सोडवल्या.

पुराच्या दिवशी कुत्र्यांची घरे पाण्याखाली जाऊ लागली. प्रयोगशाळेची इमारत तिथून सुमारे पाव मैलावर. वादळ चालू, लाटा भिंतींवर आपटत आहेत, झाडे कडाकड मोडत आहेत. अशा वेळी कुत्र्यांना लहान लहान गटांनी पाण्यातून पोहत तिथे आणावे लागले. पावलॉव्हच्या व्याख्यानांत एक निरीक्षण आहे : एरवी एकमेकांवर तुटून पडणारी ही कुत्री एकत्र कोंबली गेल्यावरही भांडली नाहीत. खेळलीही नाहीत. सगळी गप्प झाली होती.

पाणी ओसरले. काही कुत्री पूर्ववत झाली. काहींचे मात्र विचित्र झाले. त्यांतल्या एका कुत्र्याचे वर्णन वाचण्यासारखे आहे. पुराआधी तो उत्तम विद्यार्थी. शिकलेल्या सर्व खुणांना नेमका प्रतिसाद देणारा आणि खाण्याला कायम तयार. पुरानंतर आठवड्याने त्याला प्रयोगाच्या मंचावर उभे केले, तर तो अस्वस्थ. शिकलेले जवळजवळ सगळे पुसले गेलेले. समोर अन्न ठेवले तर त्याने तोंड फिरवले. भुकेने ताळ्यावर येईल म्हणून उपाशी ठेवून पाहिले, त्यानेही काही साधले नाही. शरीराला कुठेही इजा नव्हती. मग विचार करता करता पावलॉव्ह आणि त्यांचे सहकारी स्पेरान्स्की या निष्कर्षाला आले, की पूर शहरातून गेला असला तरी या कुत्र्यातून गेलेला नाही.

मग त्यांनी काय केले?

शिक्षा वाढवली नाही, आमिषही वाढवले नाही. नेहमीच्या रीतीत कुत्रा खोलीत एकटा असे आणि प्रयोग करणारा भिंतीपलीकडून उपकरणे चालवी. आता त्यांनी कुत्र्याच्या ओळखीच्या माणसाला आत, त्याच्याजवळ बसवले आणि बाहेरचे काम दुसऱ्याने सांभाळले. त्या माणसाने आत विशेष काही करायचे नव्हते. फक्त असायचे. कुत्र्याने खाल्ले. हरवलेल्या प्रतिक्रिया परत दिसू लागल्या. माणूस बाहेर गेला की पुन्हा सगळे गडप.

इथून पुढचे काम टप्प्याटप्प्याचे. माणूस थोडा वेळ बाहेर जातो आणि परत येतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. आत राहण्याचा वेळ थोडा थोडा कमी होत जातो. कुत्रा जितके पेलतो तितकेच पाऊल पुढे टाकायचे. सौम्य खुणा त्याला लवकर सोसू लागल्या, पण घंटेचा जोरकस आवाज पुराआधी सर्वांत प्रभावी ठरत असे, तोच आता सर्वांत घातक ठरला. ती वाजवली की बाकीचेही कोसळे. या सगळ्याला काही आठवडे लागले. वाचताना हे दोन ओळींचे वाटते, पण मंचाजवळच्या त्या स्टुलावर दररोज जाऊन बसणाऱ्या माणसाचा विचार करून पाहा. शिकवणाऱ्याचे काम कसे दिसते, हे इतके स्वच्छ मला इतरत्र क्वचित वाचायला मिळाले.

मग एक परीक्षा घेतली गेली. निष्ठुरच म्हणावी लागेल. कुत्रा पूर्ववत झाला असे वाटल्यावर दाराच्या फटीतून खोलीत पाण्याची एक बारीक धार सोडली. आवाज नाही, लाट नाही. जमिनीवर नुसते ओले पसरत गेले. कुत्रा ताडकन सावध झाला, खाली पाहू लागला, मंचावरून उतरायची धडपड करू लागला, धापा टाकू लागला. कित्येक आठवड्यांची कमाई त्या ओंजळभर पाण्यात बुडाली. मानसिक आघाताच्या अभ्यासात हा प्रयोग पुढे अनेकांनी आधाराला घेतला. दुसऱ्या महायुद्धात खचलेल्या सैनिकांवर उपचार करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ विल्यम सार्जंट त्यांतले एक.

पावलॉव्हच्या कुत्र्यांबद्दल हळवे होताना एक गोष्ट विसरू नये. लाळ मोजण्यासाठी या कुत्र्यांच्या गालावर शस्त्रक्रिया केलेली असे आणि अनेकांवर याहून मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. १९३५ मध्ये पावलॉव्हच्याच पुढाकाराने त्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारले गेले. म्हणजे संगम माहुलीच्या समाधीला एक दूरचा भाऊबंद आहे. फरक इतकाच, की एका कुत्र्याने राजाला वाचवले, तर दुसऱ्यांनी काय सोसले याची टिपणे राहिली.

पावलॉव्हने कुत्र्याला काय होते ते दाखवले. कुत्र्याकडून नवे काम टप्प्याटप्प्याने कसे घडवावे, याची सोपी कृती सामान्य वाचकापुढे ठेवली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी. डिसेंबर १९५१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा प्राण्यांना कसे शिकवावे यावर लेख आला. समजा, कुत्र्याने कपाटाच्या मुठीला नाक लावावे अशी आपली इच्छा आहे. तो आपण होऊन ते करील म्हणून वाट पाहत बसू नका. त्याने कपाटाच्या दिशेला नुसती मान वळवली तरी ‘टिक्’ असा आवाज करणारे खेळणे वाजवा आणि खाऊ द्या. मग एक पाऊल टाकले तर. मग जवळ गेला तर. मग नाक लागले तर. चुकले तर रागवायचे नाही, पायरी लहान करायची. आपल्याकडे आजी नातवाला चालायला शिकवताना नेमके हेच करते. दोन हातांवर उभी राहून बोलावते, तो आला की पुढच्या खेपेला अर्धा हात मागे सरकते.

तिसरी वेळ आपल्या घरची. १२ मार्च १९९३. मुंबईत एकाच दुपारी एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींतून शहर अजून सावरले नव्हते. स्फोटांनंतरच्या दिवसांत मुंबईकराला रस्त्यात उभी केलेली कुठलीही स्कूटर आणि बेवारस पिशवी बॉम्ब वाटत होती. कोणती पिशवी खरी आणि कोणती खोटी, हे सांगू शकणारा एक जण मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात नुकताच दाखल झाला होता. नाव झंजीर. जात लॅब्रॅडॉर, वय सव्वा वर्ष. प्रशिक्षण पुण्याच्या शिवाजीनगरला, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. नाव १९७३ च्या अमिताभच्या चित्रपटावरून ठेवलेले.

त्याच्या नावावरचे आकडे वाचले की धडकी भरते : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. कर्करोगाने १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. फुलांनी झाकलेल्या झंजीरला वरिष्ठ अधिकारी सलामी देत आहेत, ते छायाचित्र दर वर्षी तुमच्या मोबाइलवर फिरत येतेच.

आता पुन्हा तोच प्रश्न : झंजीरला शिकवले कसे?

स्फोटकांचा वास हुंगणाऱ्या कुत्र्याला स्फोटकांविषयी काहीच कळत नसते. त्याला देशभक्ती नसते आणि भीतीही नसते. त्याच्या लेखी हा लपाछपीचा खेळ आहे. आधी त्याला चेंडूचे वेड लावतात. मग चेंडूची आणि एका विशिष्ट वासाची जोडी घालतात. मग तो वास एका डब्यात ठेवतात आणि शेजारी चार रिकामे डबे. बरोबर डब्यापाशी थांबला की चेंडू मिळतो. मग डबे वाढतात, खोली बदलते, सामान येते, वाहने येतात, गर्दी आणि गोंगाट येतो. एका वासानंतर दुसरा वास. एकाच वेळी दोन अडचणी वाढवायच्या नाहीत, हा या कामाचा अलिखित नियम : नवा वास असेल तर खोली जुनी, नवी जागा असेल तर वास ओळखीचा.

आणि एक धडा फार मोलाचा. वास सापडला की कुत्र्याला साहजिकच उकरायचे असते, भुंकायचे असते. बॉम्बपाशी दोन्ही जिवावर बेतू शकतात. म्हणून त्याला शिकवतात : सापडले की गप्प खाली बस. आनंदाने उसळणाऱ्या वर्षभराच्या कुत्र्याला, नेमक्या विजयाच्या क्षणी, शांत बसायला शिकवणे. यात दररोज किती वेळा पुन्हा पहिल्या डब्यापाशी यावे लागत असेल, ते ज्याने घरच्या कुत्र्याला ‘बस’ शिकवून पाहिले आहे त्याला विचारा.

उरलेले अर्धे शिक्षण हँडलरचे. कुत्र्याची शेपटी किती ताठ झाली, श्वासाची लय कुठे बदलली, तो दमला आहे का, की खरोखर काही लागले आहे, हे त्याला ओळखता आले पाहिजे. दमलेल्या कुत्र्याला पुढे रेटले तर तो चेंडूसाठी उगाचच बसू लागतो, म्हणजे खोटे बोलायला शिकतो. म्हणून ठरावीक वेळाने काम थांबवावे लागते, शहर कितीही घाईत असले तरी. मार्च १९९३ च्या मुंबईत ती विश्रांती मागणे किती अवघड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर पुन्हा हल्ला झाला, तेव्हा याच परंपरेतले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर कामावर होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, माणसे पळून गेल्यावर मागे राहिलेल्या सामानाच्या ढिगातून सीझरने हातबॉम्ब शोधून काढले. चौघेही २०१६ या एकाच वर्षात गेले. त्यांची नावे वर्तमानपत्रांत ठळक आली, ते योग्यच झाले.

पुढच्या वेळी साताऱ्याला गेलात तर संगम माहुलीला जरूर जा. खंड्याची समाधी पाहताना तिच्या आसपासही थोडे पाहा. पिल्लाला पहिल्यांदा ‘यू यू’ करून जवळ बोलावणारा तो शिकारखान्यातला चाकर कुठे कोरलेला नाही. पण हाकेला ओ देणारा कुत्रा दगडात बसलेला आहे.